गंधकच्या डोक्यातलं नाशिक

साल २०२५, महिना ऑक्टोबर, आणि तुझं वय पंचाहत्तर. मी तुझ्याहून चार महिन्यांनी थोरला, हे तू शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस. आता तू पंचाहत्तरावर थांबलास आणि मी पुढं चाललोय, तेव्हा हा एक वाद तरी माझ्या बाजूने मिटला असं धरायला हरकत नाही.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला फोन वाजला. मी बागेत होतो, छाटणी चालू होती. फोनवर तुझं नाव. उचलला नाही. दोन महिने उचलत नव्हतोच, त्यात नवीन काही नव्हतं. परत वाजला, परत नाही उचलला. टोळीतल्या बाया हसायला लागल्या, "मुकादम, घ्या की आता. गडी दमला तिकडं." चौथ्यांदा वाजला तेव्हा कात्री काखेत धरून मी फोन कानाला लावला आणि तुला तोंड उघडू न देता सांगून टाकलं, "मध्या, शंभरदा फोन केलास तरी कुत्रा मिळणार नाय."

तिकडून आवाज आला, "काका, मी संजय बोलतोय. बाबा गेले."

तर तुझ्या मरणाच्या बातमीला माझं पहिलं उत्तर हे असं गेलं. तुझ्या पोराच्या कानात गेलं. लपवून ठेवलं असतं, पण तू कुठूनतरी ते उघडून बघितलंच असतंस.

उघडून बघायचं हा तुझा पहिल्यापासूनचा रोग. तिसरीत गुरुजींचं गजराचं घड्याळ तू उघडलंस. काटे कोण ढकलतं ते बघायचं होतं म्हणे. परत लावताना एक चाक उरलं, ते तू माझ्या खिशात टाकलंस आणि छड्या मी खाल्ल्या. चौथीनंतर मी शेतात गेलो, पुढं दिंडोरीकडे द्राक्षं आली तशी हातात कात्री आली, आणि छाटणीच्या टोळीचा मुकादम झालो. तू शिकत राहिलास. जनावरांचा डॉक्टर झालास, मग कॉलेजात पोरांना जनावराच्या पोटात आणि डोक्यात काय काय असतं ते शिकवत बसलास. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात. तू कुत्र्याच्या डोक्यात गेलास.

गेल्या वर्षी थंडीत तू माझ्या अंगणात आलास, सोबत तुझ्या संशोधनातली जोडीदार, पुण्याची पल्लवीबाई. पाठीवर पिशवी, हातात वही, आणि आल्या आल्या मला विचारते, "आजोबा, तुमचा कुत्रा किती वेळ अजिबात न हलता पडून राहतो?"

मी म्हणालो, "बाई, पडून राहायचं त्याला कुणी शिकवावं लागत नाय. उठवायचं काम अवघड हाय."

गंधक तेव्हा ट्रॅक्टरखाली पसरला होता. बागेवर मारायच्या गंधकाच्या पावडरीसारखा पिवळा, म्हणून ते नाव. जात गावठी, वय सहा, काम बागेची राखण, म्हणजे झोप.

तू मला समजावलंस. माणसाच्या डोक्याचा फोटो काढायचं ते बोगद्यासारखं एमआरआयचं मशीन, त्यात कुत्र्याला घालायचं. पण भूल द्यायची नाही आणि बांधायचं नाही. त्याने आपल्या पायाने आत जायचं, हनुवटी टेकवून पडायचं, आणि तो जागा असताना त्याच्या डोक्यात कुठं काय चालतं ते पडद्यावर बघायचं. "केसाएवढा हलला की फोटो वाया," तू म्हणालास.

"आणि बघून काय करायचं?"

"बघायचं."

"एवढंच?"

"एवढंच, पांड्या. आतली मांडणी कशी आहे ते. कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय."

मी म्हणालो, म्हणजे ही काडी तपासणीच झाली. हल्ली बागायतदार छाटणीआधी काड्या तोडून लॅबला पाठवतात. तिथं काडीवरचा डोळा, जिथून कोंब फुटतो तो, चिरून यंत्राखाली बघतात, आत घड आहे की नाही. मी चाळीस वर्षं काडीवर अंगठा फिरवून सांगत आलो, ह्या डोळ्यात घड आहे, ह्यात नाही. मला यंत्र लागलं नाही. "कुत्र्याच्या डोक्यात काय हाय ते मला विचार," मी म्हणालो. "भाकरी, पल्याडच्या वस्तीवरची कुत्री, आणि मी."

"कुठल्या क्रमाने?" तू विचारलंस.

मध्या, तुला वाटलं असेल की तुझ्या विद्येला मान देऊन मी कुत्रा दिला. तसं काही नव्हतं. उत्तर मला माहीत होतं. ते तुझ्याच मशीनकडून तुझ्या तोंडावर वदवून घ्यायचं होतं.

मग तुमची तयारी सुरू झाली, ती सहा महिने चालली. पाण्याचा निळा ड्रम आणला, त्याची दोन्ही तोंडं कापली. मोटारसायकलच्या जुन्या सीटचा फोम कापून हनुवटी ठेवायला खाच केली. पल्लवीबाईने मोबाइलवर मशीनचा आवाज भरून आणला होता, तो स्पीकरवर लावला. टकटकटक, मग घर्र, मग कुणी पत्रा बडवतंय असं. म्हणाली, "आजोबा, घाबरू नका, आवाजाची सवय व्हायला काही कुत्र्यांना महिना लागतो." गंधकने एक डोळा उघडला, स्पीकरकडे बघितलं, मिटला. फवारणीच्या ब्लोअरखाली वाढलेलं जनावर ते. त्याला तो आवाज म्हणजे पाळणा. तुम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत राहिलात, जशी मुलगी बघायला निघालेली माणसं पहिल्याच घरात थांबतात.

त्याला न हलता पडायला शिकवायचं काम दोघांनी वाटून घेतलं. तू दर बुधवारी नाशिकहून यायचास आणि बिस्किटं चारत, "शाब्बास बाळा, गुणाचं पोर ते" असं चालवायचास. रिटायर माणूस, जनावराशी इतकं लाडात बोलतो, हे बघून आमच्या टोळीतल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. उरलेले सहा दिवस माझे. माझी पद्धत वेगळी. "पड, ऐतखाऊ. हललास तर बघ. लबाडा, मी बघतोय हां." गंधक दोनदा शेपूट आपटायचा, मग शेपूटही थांबवायचा.

आता हे तुला परत सांगायची गरज नाही, पण भांडण इथूनच उगवलं म्हणून सांगतो. आमच्या घरात तोंडावर चांगलं म्हणत नाहीत. माझा बाप घड भरायला लागले की बागेत खाली मान घालून फिरायचा. पाहुणा म्हणाला "मणी काय फुगलेत", की बाप म्हणणार, "कशाचे फुगलेत, किडलेत सगळे." कौतुक केलं की नजर लागते. पोराचं करायचं नाही, बैलाचं नाही, बागेचं नाही, बायकोचं तर नाहीच. टोळीतसुद्धा तसंच. हात चांगला चालत असला की मी म्हणतो, "झोपलीस का गं?" आणि ज्या दिवशी मी काहीच बोलत नाही त्या दिवशी बाया घाबरतात. शिवी खाऊन जी बाई हसते तिला कळलेलं असतं. गंधकला पण कळलेलं होतं. हे मी धरून चाललो होतो.

नाशकातल्या त्या एमआरआय सेंटरवाल्यांनी तुला रविवारची सकाळ दिली होती, पेशंट नसतात म्हणून. पहिल्या रविवारी दारातच त्या मशीनवाल्या पोराने मला अडवलं. "बाबा, अंगावर लोखंडाचं काही आहे का?"

"कात्री हाय."

"काढून ठेवा. अजून काही?"

"दुसरी कात्री."

"अजून?"

"चुन्याची डबी. बेंबीजवळ चावी हाय करदोट्याला, ती निघत नाय."

ती चावी काढायला तू आणि तो पोरगा खाली बसलात. पंचाहत्तरीला आलेला प्रोफेसर माझ्या धोतराशी झटतोय आणि वर म्हणतो, "पांड्या, श्वास आत घे." कात्र्या ठेवून घेतल्याची चिठ्ठी मिळाल्याशिवाय मी आत गेलो नाही, हे बरोबरच केलं. मुकादमाची कात्री दुसऱ्याच्या हातात जात नाही.

माझ्याआधी कॉलेज रोडवरच्या एक बाई आपला लॅब्राडोर घेऊन आल्या होत्या. अंग चकाचक, गळ्यात रुमाल, इंग्रजी समजणारा. बाई म्हणत होत्या, "स्टे बेबी, स्टे." बेबीने मशीन बघितलं आणि दारात जी बैठक मारली, ती चौघांनी ओढूनही मोडली नाही. मग आमचा गेला. कानावरून डोक्याला फडकं गुंडाळलेलं, दाढ दुखणाऱ्या म्हातारीसारखा. पायऱ्या चढला, हनुवटी खाचेत ठेवली, आणि मशीन बडवायला लागलं तसा आठ मिनिटं दगडासारखा पडून राहिला. काचेमागं पल्लवीबाईचे डोळे भरून आले. तू माझी पाठ थोपटलीस. मी म्हणालो, "माझी काय थोपटतोस, कुत्र्याची थोपट." आतून मला काय झालं होतं ते सांगत नाही. माझ्या लग्नातही इतकं झालं नव्हतं.

मग तू मला पडद्यावर गंधकचं डोकं दाखवलंस. सोललेल्या अक्रोडासारखं दिसलं. मी विचारलं, "केवढं हाय हे?" तू म्हणालास, लिंबाएवढं. मला वाईट वाटलं. मी त्याला जरा मोठं समजत होतो.

तू खुर्ची जवळ ओढलीस. "पांड्या, असं समज, डोकं म्हणजे नाशिक. सराफ बाजारात भाजी मिळत नाही. पंचवटीत कारखाना नाही. अंबडच्या एमआयडीसीत पूजेला भटजी शोधत कुणी जात नाही. ज्याचा त्याचा मोहल्ला ठरलेला. तसंच इथं. बघायचं काम ह्या मागच्या मोहल्ल्यात, ऐकायचं ह्या बाजूला. पण कुत्र्याच्या नाशकात सगळ्यात मोठा बाजार नाकाचा. हे पुढचं बघ, हे सगळं वासाचं दुकान. आणि इथून एक रस्ता निघतो तो थेट मागं, डोळ्यांच्या मोहल्ल्यापर्यंत. तुझ्या-माझ्या डोक्यात असा रस्ता नाही. म्हणजे हा जे हुंगतो ते कदाचित त्याला दिसल्यासारखंही होत असेल. नक्की कुणाला माहीत?"

पासष्ट वर्षं तुझं बोलणं मी ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडत आलो, मध्या. पण त्या दिवशी मला ते शहर दिसलं. रस्ते दिसले, गल्ल्या दिसल्या. चौथीत सुटलेली शाळा परत भरली असं वाटलं. हे तेव्हा म्हणायला पाहिजे होतं. मी काय म्हणालो, तर, "रस्ता बरा दिसतोय, अजून खोदला नाय वाटतं." तू हसलास. तुला त्यातून जे घ्यायचं ते तू घेतलं असशील, अशी आशा आहे.

मग मी विचारलं, "ह्यात माझं घर कुठं?"

तू पडद्याच्या मधोमध बोट ठेवलंस. "इथं खोल आत एक छोटा ओटा आहे. काही आवडीचं येणार असं कळलं की इथं दिवा लागतो. भाकरीचा किती लागतो, माझ्या आवाजाचा किती, तुझ्या आवाजाचा किती, ते आता बघू."

म्हणजे माझ्या प्रश्नाची तारीखच लागली.

ऑगस्टात आवाज भरले. तुझा, माझा, आणि परका म्हणून त्या मशीनवाल्या पोराचा. पल्लवीबाईचा नियम असा की शब्द तिघांचे सारखे पाहिजेत, म्हणजे फरक पडला तर आवाजाचाच पडेल. कागदावर लिहून दिलं, "गंधक, शाब्बास. गुणाचं बाळ." तू पहिल्या झटक्यात म्हणालास. तो पोरगाही म्हणाला. मी "गुणाचं" पर्यंत आलो की घसा धरायचा. पाणी प्यालो. टोपी काढून बघितली. शेवटी कसंतरी म्हणून टाकलं. तू पोट धरून बसला होतास. "ग्रामसभेत ठराव वाचतोयस का रे?"

मशीनमधे गंधकला ते ऐकवून झाल्यावर आठ दिवसांनी निकाल. भाकरी मिळणार अशी शिकवलेली खूण दाखवली तेव्हाचा फोटो, मधोमध लालभडक दिवा. तुझ्या आवाजाचा, दिवा. त्या मशीनवाल्या पोराच्या आवाजालाही जरा उजेड होता, पणती म्हण. मग एक फोटो आला त्यात सगळा अंधार.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

पल्लवीबाई वहीत बघायला लागली. तू चष्मा पुसायला लागलास. त्यावरून मला कळलं.

मी म्हणालो, "मशीन खोटं हाय."

तू चष्मा डोळ्याला लावलास आणि सरळ माझ्याकडे बघितलंस. "मशीन खोटं नाही, पांड्या. तू खोटं बोललास. जन्मात कधी त्याला गुणाचं बाळ म्हणालास? शब्द ओळखायचं त्याचं काम एकीकडे चालतं, सूर ओळखायचं दुसरीकडे. दोन्ही जुळले तर दिवा. तू दोन्ही परके दिलेस. चूक आमची आहे, आम्ही कागद दिला. पुढच्या रविवारी तुझ्या शिव्या भरू."

मला पहिली दोन वाक्यं ऐकू आली, पुढची नाही. सहा वर्षं माझ्या हातची भाकरी खाणाऱ्या कुत्र्याच्या डोक्यात मी नाही आणि बुधवारचा बिस्किटवाला आहे, हे परक्या पोरीसमोर ऐकून घ्यायचं, आणि वर म्हणे खोटं बोललास. मी कात्र्या घेतल्या, गंधकची दोरी धरली आणि चालायला लागलो.

एसटीवाल्याने कुत्रा घेतला नाही. म्हणून मी दिंडोरी रोडने पायी निघालो. तू मागून गाडी हळूहळू आणत होतास, काच खाली करून. "बस रे आत. पंचवीस किलोमीटर आहे." मी बघितलं नाही. म्हसरूळच्या पुढं तू गाडी थांबवून मागचं दार उघडलंस, आणि गंधकने माझ्या हातातली दोरी ओढली आणि टुणकन उडी मारून आत जाऊन बसला. खिडकीतून डोकं काढून माझ्याकडे बघत होता. तू हसला असतास तर मी तुला माफ केलं असतं. मी थोडं चाललो, गुडघा बोलायला लागला, मग मागं कुत्र्याशेजारी बसलो.

त्यानंतर तुझे फोन. मला कळत होतं काय अडलंय. तुमच्या सगळ्या कामात गंधक हा एकच गावठी, बाकी सगळे बंगल्यातले. त्याची ती शिव्यांची एक फेरी झाली नाही तर त्याचा आवाजाचा सगळा भाग तुमच्या छापायच्या निबंधातून काढून टाकावा लागणार होता. दोन वर्षांच्या खटपटीतलं तुझं सगळ्यात लाडकं पान ते. मला कळत होतं, म्हणूनच मी देत नव्हतो.

सप्टेंबरात तू घरी आलास. मी गोठ्यामागं जाऊन बसलो आणि घरात सांगून ठेवलं, मी नाही म्हणून. आमच्या बाईने तुला चहा दिला आणि म्हणाली, "नाहीत ते घरात. गोठ्यामागं बसलेत."

तू विचारलंस, "वहिनी, तो तुमचं तरी कौतुक करतो का हो?"

"लग्नाला बावन्न वर्षं झाली भावजी. भाजीत मीठ कमी पडलं की सांगतात. बरोबर पडलं तर पाणी पितात. मी पाण्यावरून ओळखते."

"आणि 'छान झाली' म्हणाला तर?"

"तर मी डॉक्टरला फोन करीन. मला घाला त्या मशीनमधे आणि ह्यांना गोड बोलायला सांगा. माझ्या पण डोक्यात अंधारच दिसेल."

तू एवढा हसलास की बशीतला चहा सांडला. मी गोठ्यामागं बसून सगळं ऐकत होतो. तुझं बरोबर आहे हे मला तिथंच, शेणाच्या पाटीवर बसल्या बसल्या पटलं. उठून यायला दहा पावलं होती. मी मनात म्हणालो, आज गेलो तर हा जिंकला असं होईल, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात म्हणालो, छाटणी उरकू दे. तू जाताना गंधकला बिस्किट दिलंस आणि गोठ्याच्या दिशेने मोठ्याने म्हणालास, "येतो रे." मी खोकलोसुद्धा नाही.

हेच ते, मध्या. बाकी मला कशाचं वाईट वाटत नाही. आपण पासष्ट वर्षं भांडलो, ते सगळं चांगलं झालं. पण तेवढी दहा पावलं.

शनिवारी दुपारी अमरधामला गर्दी होती. तू एवढी माणसं जमवली होतीस हे मला माहीत नव्हतं. अग्नी दिल्यावर भाषणं झाली, होतात तशी. एकाने तुला ज्ञानाचा सागर केलं, एकाने वटवृक्ष केलं, एक म्हणाला की सर कधीच कुणावर रागावले नाहीत. तिसरीत तू मला दगड मारला होतास, पण मी गप्प राहिलो. मला ते सगळं माझ्या त्या रेकॉर्डिंगसारखं वाटत होतं. शब्द चांगले, पण तू मशीनमधे असतास तर तुझ्या डोक्यात अंधार. मग संजय म्हणाला, "काका, तुम्ही बालमित्र, दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. म्हणालो, "मध्या म्हणजे." पुढं जे तोंडात येत होतं ते तुझ्या सुनेसमोर आणि प्रोफेसर लोकांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. मी खाली बसलो. लोकांना वाटलं गहिवरला. वाटू दे.

पल्लवीबाई पुण्याहून धावत आली होती. डोळे सुजलेले. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "आजोबा, सरांनी दर रविवारची सकाळ अजून धरून ठेवली होती. सेंटरला सांगायचे, तो येईल, हट्टी आहे पण येईल. उद्याचीही आहे. मी आता त्यांना नको म्हणून कळवते."

"नका कळवू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीला सुट्टी दिली. ऐन छाटणीत सुट्टी, बायांनी एकमेकींकडे बघितलं. पुतण्याला पिकअप काढायला लावली, गंधकला पुढं बसवलं, मी मागं हौद्यात. सेंटरच्या दारात कात्र्या आपणहून काढून दिल्या, चिठ्ठी मागितली नाही. चावी घरीच ठेवली होती.

पल्लवीबाईने माइक पुढं ठेवला. "कागद नाही आज," ती म्हणाली. "तुम्ही रोज म्हणता तसं म्हणा. तीनदा पाहिजे."

मी म्हणालो. "पड, ऐतखाऊ. लबाडा, मी बघतोय हां." घसा धरला नाही. गंधक बाहेर बाकाखाली होता, त्याची शेपटी फरशीवर आपटलेली मला ऐकू आली. दुसऱ्यांदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो. तिने थांबायची खूण केली, पण माझं सुरू झालं होतं ते थांबेना. "आणि तू रे, कामचुकारा. मुकादमाला न विचारता अर्ध्या ओळीतून उठून जातोस. लाज नाय वाटत. एवढा शिकलास, दुनियेची डोकी उघडून बघितलीस, आणि गोठ्यामागं बसलेला माणूस तुला दिसला नाय? दोन शिव्या घालून ओढून न्यायचं होतंस. तेवढी अक्कल नाय आली तुला, आणि म्हणे प्रोफेसर."

मग मी टोपी नीट केली.

पल्लवीबाईने रेकॉर्डिंग बंद केलं. "आजोबा, हे शेवटचं गंधकसाठी नव्हतं."

"नाय."

"काढून टाकू?"

"राहू द्या."

तिने गंधकच्या डोक्याला फडकं बांधलं. तो पायऱ्या चढला, हनुवटी टेकवून पडला. मशीन बडवायला लागलं. मी काचेमागं उभा राहिलो. आतमधे त्याच्या कानात माझा आवाज कधी गेला ते मला कळलं नाही, कारण तो केसाएवढासुद्धा हलला नाही. संपल्यावर ती म्हणाली, हिशेब लागायला आठ दिवस लागतील.

मी तिला माझा नंबर परत एकदा लिहून दिला आणि म्हणालो, "अंधार दिसला तरी कळवा, बाई. मी फोन उचलीन."